रिवासचे देठ

मला सहावा महिना लागला तेव्हा माझ्या सासूबाई कुवेतला आल्या. त्या लातूरकडच्या एका लहान गावातल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. आमच्याकडे सासूला तसंच म्हणायची पद्धत आहे. विमानात त्या पहिल्यांदाच बसल्या होत्या. विमानतळापासून फरवानियातल्या आमच्या फ्लॅटपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. मला वाटलं, घाबरल्यात. लिफ्टमध्ये शिरताना त्या म्हणाल्या, "हळू. उंबरा हाय इथं." तेव्हा लक्षात आलं, आधार त्यांना नको होता, त्या मला धरून होत्या.

याआधी दोनदा मला दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या पुढं काही टिकलं नव्हतं. त्यामुळे या खेपेला घरात कुणीच मोकळेपणानं बोलत नव्हतं. नवरा अम्गऱ्यात बांधकामाच्या सामानाच्या एका यार्डाचं ऑफिस सांभाळतो. दुपारी फोन करून तो फक्त विचारायचा, "बरी आहेस ना?" आणि मी "हो" म्हटलं की फोन ठेवायचा. बाळाचं नाव काढायची त्याची छाती होत नव्हती, आणि माझीही.

आत्याबाईंना मात्र एकाच गोष्टीची काळजी लागली. मी जेवत नव्हते. लोहाच्या गोळ्यांनी तोंडात सतत पितळेचं भांडं चाटल्यासारखी चव असायची. पोट साफ व्हायचं नाही, आणि पोट जड म्हणून भूक नाही. पोळी बघितली तरी नको वाटायची.

"तोंड का वाकडं करायलीस?" त्या विचारायच्या. "काय खावंसं वाटतंय ते तरी सांग. डोहाळे कुणाला लागत न्हाईत?"

"आंबट," मी म्हणायचे. "पण चिंच नको. लोणचं नको. कसलं आंबट ते मलाच कळत नाही."

नवऱ्यानं जलीबच्या बाजारातून कैऱ्या आणल्या, आवळे आणले, चिंचेच्या गोळ्या आणल्या. एक घास खाऊन मी सगळं बाजूला सारायचे. एका संध्याकाळी मी सहज म्हणून गेले की चुक्याची भाजी असती तर खाल्ली असती. आंबट चुका, शेंगदाणे घालून, वरून लसणाची फोडणी दिलेला. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसातून थेट जलीबला गेला आणि भाजीची दुकानं पालथी घालून आला. मेथी मिळाली, शेपू मिळाला, एका ठिकाणी अंबाडीसुद्धा मिळाली. चुका नव्हता.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक इराणी आजी राहतात. त्यांच्या नवऱ्याची तंदूर भाकरीची भट्टी होती. ते गेल्यावर आता मुलगा ती चालवतो. आजींना फारसी येते, अरबी येते, आणि इथं जन्म काढलेल्या माणसाला येते तेवढी मोडकी हिंदी येते. आत्याबाईंना मराठीशिवाय काही येत नाही. तरी आठवड्याभरात दोघींची मैत्री झाली. संध्याकाळी ऊन उतरलं की इमारतीच्या दारात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून त्या बसायच्या. ही मराठीत बोलायची, ती फारसीत. मी अर्दियातल्या ऑफिसमधून आले की दोघी मान वर करून एकदमच माझ्या पोटाकडे बघायच्या.

मार्च संपत आला होता. त्या दिवशी मी आले तर आत्याबाई एकट्याच वर येऊन स्वयंपाकघरात उभ्या होत्या. त्यांच्या हातात फिकट हिरवा, मुळाशी गुलाबीसर असा एक जाड देठ होता. साल काढलेली, एका टोकाला दातांच्या खुणा.

"इराणीणबाईनं दिलं," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "मीठ लावून खायला लावलं. अगं, चुका हाय हा! चुक्याचा थोरला भाऊ म्हण!"

मी हात पुढं केला. वास नाकात शिरला होता आणि किती तरी दिवसांनी तोंडाला पाणी सुटलं होतं. आत्याबाईंनी देठ मागं ओढला.

"थांब. तुला न्हाई द्यायचा आज."

"का?"

"अनोळखी जिन्नस हाय. मी खाल्लंय. उद्यापर्यंत मला काय होतंय का बघू."

मी हसले. नवऱ्यालाही हसू आलं. पण रात्री जेवताना मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्या खरोखरच स्वतःच्या पोटावर हात ठेवून बसल्या होत्या, आत काय चाललंय ते ऐकत असल्यासारख्या. मग मला हसू आलं नाही. सत्तरीला आलेल्या बाईनं माझ्याआधी स्वतः खाऊन पाहिलं होतं.

सकाळी त्या म्हणाल्या, "मला काय झालं न्हाई. पन तुझ्या डॉक्टरीणबाईला इचार. मग खा."

तपासणी त्याच दिवशी होती. माझ्या डॉक्टर मल्याळी, शांत बाई, हिंदीत बोलतात. आत्याबाई बरोबर आल्या होत्या आणि मी देठाचा तुकडा रुमालात गुंडाळून नेला होता. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, वास घेतला आणि हसल्या.

"हे रुबार्ब. इराणी लोक रिवास म्हणतात. डोंगरातलं जंगली. सुपरमार्केटमध्ये युरोपातलं मिळतं ना, लाल देठांचं, त्याचंच भावंड."

आत्याबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "तिला इचार, आमच्याकडं रेवाचिनी म्हनतात ती हीच का? काष्ठौषधीच्या दुकानात मिळती. पोट साफ करायला देतात. गरवार बाईला ती कदीच देत न्हाईत."

मी हिंदीत सांगितलं. डॉक्टरांनी आत्याबाईंकडे आदरानं पाहिलं.

"माँजी बरोबर बोलतायत," त्या म्हणाल्या. "ते औषध याच्याच जातीच्या झाडाचं मूळ. ते जुलाबाचं आहे, गरोदरपणात अजिबात नको. पण देठ ही भाजी आहे. शिजवून, थोडी, आठवड्यातून एक-दोनदा, चालेल. रिकाम्या पोटी नको, आधीच पित्त होतंय तुला."

मग मी विचारलं की यात असतं तरी काय. त्यांनी समजावून सांगितलं. देठात बहुतेक पाणी. पोट भरल्यासारखं वाटतं पण चरबी नाही, आणि नुसत्या देठाला गोडी जवळजवळ नाहीच. चोथा भरपूर, त्यामुळे लोहाच्या गोळ्यांनी बसलेलं पोट जरा हलेल. के जीवनसत्त्व चांगलं, थोडं सी, थोडं पोटॅशियम.

"कॅल्शियमही असतं," त्या म्हणाल्या, "पण त्यावर विसंबू नकोस. ज्या आम्लानं हे आंबट लागतं त्यातलंच एक त्या कॅल्शियमला धरून ठेवतं, शरीराला फारसं मिळू देत नाही. तुझं दूध-दही चालू ठेव. शक्यतो दही याच्याबरोबरच खा. आणि साखर घालून मुरांबा करू नकोस, नाहीतर गुण राहील बाजूला आणि साखरच पोटात जाईल."

निघता निघता त्यांनी विचारलं, घरात कुणाला मूतखड्याचा त्रास आहे का? रक्त पातळ करायची गोळी कुणी घेतं का? गोळी कुणी घेत नव्हतं. मूतखडा मात्र होता, नवऱ्याला, आदल्या वर्षी काढलेला. इथल्या उन्हात पाणी कमी पिऊन काम करणाऱ्यांना तो हमखास होतो.

"मग त्यांना देऊ नका," डॉक्टर म्हणाल्या. "तेच आम्ल खडे करतं."

घरी आल्यावर आत्याबाईंनी हे लेकाला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी चुक्यासाठी जलीब पालथं घालायचं आणि खायचं तुम्ही दोघींनी?"

"तू वास घे," आत्याबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी देठ सोलले. वरचे दोरे शेंगेच्या शिरा काढाव्यात तसे ओढून काढले, बारीक तुकडे केले आणि तुरीच्या डाळीत शिजवले. देठ विरघळून गेले, डाळीला आंबट वास सुटला. मग भिजवलेले शेंगदाणे, हिरवी मिरची, लसणाची चरचरीत फोडणी. भाताबरोबर वाढलं आणि शेजारी दह्याची वाटी ठेवली. पहिला घास घेतला आणि मी खाली मान घालून जेवतच राहिले. मान वर केली तेव्हा आत्याबाई पदरानं डोळे पुसत होत्या.

"काय झालं?"

"काय न्हाई माय. जेव तू."

तेव्हापासून माझं जेवण सुधारलं. सगळं श्रेय देठांचं होतं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी गोळी बदलली होती, पाणी वाढवायला सांगितलं होतं. पण जेवायची इच्छा त्या वरणानं परत आणली, हे मला माहीत आहे. पोटही हलकं व्हायला लागलं. आणि बाळाबद्दल आम्ही बोलायला लागलो. एकदा जेवता जेवता बाळानं लाथ मारली तर नवरा म्हणाला, "याला आंबट आवडतंय." घरात बाळाला 'याला' म्हणायची ती पहिलीच वेळ.

इराणी आजी दर आठवड्याला थोडे देठ द्यायच्या. त्या नेहमी देठ साफ करून आणायच्या, त्यामुळे झाडाचं पान कसं असतं ते आम्ही पाहिलंच नव्हतं. एप्रिलमध्ये त्यांच्याकडे गावाकडून पाहुणे आले आणि त्यांनी रिवासची अख्खी जुडी आणली. मी ऑफिसमध्ये होते. आजी घाईत वर आल्या, जुडी आत्याबाईंच्या हातात दिली. टोकांना मोठी, चुरगळलेली, तजेलदार हिरवी पानं होती. आजींनी पानांकडे बोट दाखवलं आणि तळहातावर दुसऱ्या हाताची कड आपटून कापायची खूण केली. मग पाहुणे थांबले होते म्हणून लगेच खाली गेल्या.

त्यांना म्हणायचं होतं, कापून टाक. आत्याबाईंना कळलं, बारीक चिर.

आत्याबाईंच्या हातून कुठलंच पान वाया जात नाही. मुळ्याचा पाला, फ्लॉवरची पानं, बिटाची पानं, त्या सगळ्याची भाजी करतात. मी चार वाजता दार उघडलं तर घरभर लसणाचा वास. कढईत हिरवीगार पातळ भाजी रटरटत होती आणि आत्याबाई खुशीत म्हणाल्या, "ये. आज देठाचं न्हाई, पाल्याचं केलंय. हात धू आन् बस."

ओट्यावर चिरलेल्या पानांचे उरलेले तुकडे होते. डॉक्टरांकडून आल्यावर मी रुबार्बबद्दल थोडं वाचलं होतं. सुपरमार्केटमधली लाल देठांची पाकिटंही पाहिली होती, आणि त्यांना पान का नसतं ते तेव्हाच कळलं होतं. ते घरात सांगायचं मला सुचलं नव्हतं. आमच्याकडे पान कधी येतच नव्हतं.

"आत्याबाई, तुम्ही खाल्लं हे?"

"मीठ बघितलं. चमचा-दोन चमचे. का गं?"

"हे पान विषारी असतं."

त्यांच्या हातातला डाव कढईत पडला. "मग तू खाल्लंस का?" त्यांनी विचारलं. मी तर आत्ताच आले होते, अजून पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नव्हती. "तू न्हाई ना खाल्लंस?"

"मी नाही. तुमचं बोला. काय होतंय?"

"जिभंला जरा चुरचुरतंय. बाकी काय न्हाई."

मी दवाखान्यात फोन केला. त्यांनी आत्याबाईंना पाणी प्यायला सांगून लगेच घेऊन यायला सांगितलं. नवरा अम्गऱ्याहून परस्पर तिकडे आला. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं, लघवी तपासली आणि काही वेळ बसवून ठेवलं. पानांमध्ये तेच आम्ल देठापेक्षा कितीतरी जास्त असतं, त्यांनी सांगितलं, ते मूत्रपिंडाला बाधतं, आणि शिजवल्यानं ते जात नाही. चमचाभरानं मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही, पण ताटभर खाल्लं असतं तर गोष्ट वेगळी होती. अंधार पडायच्या आत आम्हाला घरी सोडलं. रिपोर्ट चांगले होते.

घरी आल्यावर आत्याबाईंनी कढई स्वतः रिकामी केली, घासली, पुन्हा घासली. मग भिंतीला टेकून खाली बसल्या.

"ती सांगत हुती गं," त्या म्हणाल्या. "हात करून सांगत हुती. मलाच उमगलं न्हाई. आन् मी तुला ताट वाढायला निघाले हुते."

"पण मी खाल्लं नाही ना."

"तुला म्हाईत नसतं तर?"

मी त्यांच्याशेजारी बसायला गेले तर त्यांनी मला थांबवलं, आधी पाट दिला. मग कितीतरी वेळ माझं मनगट धरून बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाक सोडला. म्हणजे खिचडी टाकायच्या, पोळ्या लाटायच्या, पण चव घ्यायच्या नाहीत. "तूच बघ मीठ," म्हणून चमचा माझ्या हातात द्यायच्या. जन्मभर अंदाजानं मीठ घातलेली बाई आता डबा उघडून उभी राहायची. खालीही जाईनात.

दोन-तीन संध्याकाळी खुर्ची रिकामी दिसली तेव्हा इराणी आजींनी मला जिन्यात गाठलं. मी मोडक्या अरबीत आणि हिंदीत झालेलं सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःच्या गालांवर मारून घेतलं आणि कठडा धरत वर आल्या. आत्याबाई पलंगावर बसल्या होत्या. आजी त्यांच्यापुढं बसल्या आणि फारसीत बोलायला लागल्या, बोलता बोलता रडायला लागल्या. मध्येच कापायची ती खूण करून दाखवायच्या आणि आपलाच हात आपटायच्या.

आत्याबाईंनी तो हात धरला. "तुझी काय चूक? मीच येडी," त्या म्हणाल्या. आजींना शब्द कळले नसतील. त्यांनी मान जोरात हलवली आणि काहीतरी उलट सांगितलं. चूक कुणाची यावर दोघी आपापल्या भाषेत भांडत होत्या, आणि मी चहा टाकायला गेले. परत आले तेव्हा आजी आत्याबाईंच्या वेणीचं सुटलेलं टोक गुंडाळून देत होत्या.

मग मी डोहाळजेवणाचा विषय काढला. सातवा महिना उलटून गेला होता. आत्याबाई म्हणाल्या, "कर की. जेवन बाहेरून मागव."

"बाहेरून मागवलेलं मी खाणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही त्या देठांचं वरण करा, नाहीतर डोहाळजेवण नको."

"देठ तू बघशील?" त्यांनी विचारलं. "येकयेक?"

"बघीन."

शुक्रवारी सकाळी मी स्टुलावर बसून एकेक देठ पाहिला, पानाचा कण नाही ना याची खात्री करून त्यांच्याकडे दिला. त्यांनी सोलले, चिरले, डाळीत टाकले. फोडणी दिली आणि सवयीनं चमचा माझ्यापुढं धरला. मी हात मागं घेतला. "तुम्ही बघा."

त्यांनी चमचा तोंडाला लावला. "मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या आणि डब्यात हात घातला.

ओटी भरायला चार-पाच मराठी मैत्रिणी आल्या होत्या. मी पाटावर बसले. एकेकीनं तांदूळ, नारळ, खारीक ओटीत घातलं. आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सासरे गेल्यापासून त्या अशा कार्यात मागंच राहतात. इराणी आजींना हे काही ठाऊक नव्हतं, त्याही विधवाच. सगळ्याजणी काहीतरी घालतायत हे पाहून त्या पुढं आल्या आणि साफ केलेल्या देठांची एक लहानशी जुडी माझ्या ओटीत ठेवली. सगळ्या हसल्या. आजींनी मागं वळून पाहिलं, आत्याबाईंना हातानं बोलावलं. त्या हलल्या नाहीत. मग आजी स्वतः गेल्या आणि त्यांना दंडाला धरून घेऊन आल्या.

"मी नको माय," आत्याबाई हळूच म्हणाल्या.

"तुम्हीच भरा," मी म्हटलं. "तुमच्याशिवाय आता कुणी भरायचं राहिलं नाही."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. एका मैत्रिणीनं तांदळाचं तबक त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी तांदूळ ओंजळीत घेतले. अर्धे तांदूळ खाली सांडले. नारळ त्यांनी दोन्ही हातांनी ठेवला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

मग सगळ्या जेवल्या. एकीनं वरणाची कृती विचारली. आत्याबाईंनी सांगायला सुरुवात केली, पण पहिलं वाक्य होतं, "आदी पानं तोडून फेकून द्यायची, गाईलासुदीक घालायची न्हाई."

उन्हाळा भडकला आणि रिवास संपला. आत्याबाईंचा व्हिसा आम्ही वाढवून घेतला होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात, बाहेर धुळीनं आकाश पिवळं झालेलं असताना, मला मुलगी झाली. दिवस पुरे भरलेली. नवऱ्यानं तिला हातात घेतलं आणि तो आईकडे बघून नुसताच हसत राहिला. आत्याबाईंनी तिची बोटं एकेक करून पाहिली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुला भूक लागली का?"

आम्ही घरी आलो त्या दुपारी इराणी आजी वर आल्या. बाळाला दुपट्यात कसं गुंडाळायचं यावरून दोघींचं जुंपलं. आजींना हात आत घट्ट हवे होते, आत्याबाईंना मोकळे. एक गुंडाळायची, दुसरी सोडायची. बाळ निवांत बघत होतं. मी त्यांना सांगणार होते की डॉक्टरांनी वेगळंच सांगितलंय, पण बोलायच्या आत मला झोप लागली.